मागची सीट

शेठची गाडी आता आमची आहे
हे अजून मला नीट म्हणता येत नाही.
पन्नाशेठ गेले, पोरांनी डाळमिल विकली,
म्हणाले, कॉन्टेसा तूच ने सुकलाल, भंगारात टाकवत नाही.
थकलेला चार महिन्यांचा पगार त्यातच वळता झाला.
आमच्या गल्लीत ती वळेना.
देवचंदच्या सलूनची पायरी काढावी लागली.

शनिवारी पहाटे यांनी काचेवर फडका मारला,
बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा बॉनेटवर हात ठेवला
आणि मागचं दार उघडून उभे राहिले,
मान जरा खाली.
मी म्हटलं, अहो, मी आहे!
पण बसले. मागेच बसले.
बावीस वर्षं जिचे अभ्रे घरी आणून धुतले
ती सीट कशी असते, बघायचं होतं.
मऊ होती. जरा जास्तच मऊ,
आणि आत खोल कुठेतरी शेठच्या तपकिरीचा वास.

विदगावच्या पुलाखाली तापीवर धुकं लोळत होतं.
मी म्हटलं, बघा. यांनी पाहिलं, बोलले नाहीत.
गाडी सुरू झाली की यांचं तोंड बंद,
नोकरीनं लावलेली सवय, पेन्शन नसलेली.
आरशात फक्त डोळे दिसत होते.
वीतभर रुंदीचा नवरा.

चोपड्याला चहावाल्यानं विचारलं, "कथा चालनात भो?"
हे म्हणाले, "बाईसले तोरणमाळ लई चालनू."
बाईसले!
एकतीस वर्षांच्या संसारात मला हा मान
तीन रुपयांच्या खारीसोबत मिळाला.

मग केळी, केळी, आणि परत केळी.
उजव्या हाताला सातपुडा, निळा,
आमच्याइतक्याच सावकाशीनं शहाद्याकडे निघालेला.
पपईच्या बागा आल्या. माझा डोळा लागला.
जागी झाले तेव्हा घाट होता, आणि काटा लाल रेषेवर.

यांनी चाकामागे दगड लावला.
बॉनेट उघडलं, वाफ भसकन वर गेली.
बकरी हाकत एक पावरा पोरगी आली,
काही न विचारता तिनं हनुवटीनं झरा दाखवला.
हे कॅन घेऊन तिच्यामागे उतरले.
मी कठड्यावर भरीत सोडलं, कळण्याची भाकरी, कांद्याची पात.

परत आले, भाकरी हातात घेतली,
आणि गाडीच्या पलीकडे जाऊन उभ्यानं खायला लागले.
मालक जेवत असताना ड्रायव्हर खातो तसे.
मी हाक मारली. मग पुन्हा मारली.
दुसऱ्या हाकेला आले, कठड्यावर टेकले,
आणि काय झालं कोण जाणे, बोलायला लागले.

शेठ इंदूरहून सेंधव्यापर्यंत कसे रडत आले होते,
मुलीच्या कुठल्याशा कागदावरून.
शेठाणी एकट्या असल्या की शीळ घालायच्या, चक्क शीळ.
कुणाला किती, कोणत्या पाकिटात.
"मी ऐकायचोच नाही," म्हणाले, "नुसतं ऐकू यायचं."
इंजिन गार झालं तरी बोलत होते.
मधेच थांबले. "हे राहू दे," म्हणाले, "हे सांगायचं नाही."
मीही ओढून काढलं नाही.

पुढच्या सीटचा खटका गंजलेला, ती सरकेना.
माझे गुडघे डॅशबोर्डला टेकत होते, तशीच वर गेले.
तळ्यावर थंडी इतकी
की गाडीतलं जुनं टॉवेल दोघांनी एकच पांघरलं.

रविवारी रात्री घरी आल्यावर
यांनी कप्प्यातून शेठच्या वेळचं रजिस्टर काढलं.
तारीख. जळगाव ते तोरणमाळ व परत.
चारशे अठरा किलोमीटर. पेट्रोल, तो आकडा मी सांगत नाही.
शेवटचा रकाना, कामाचे स्वरूप.
पेन बराच वेळ कागदावर तसंच.
मी भांडी घासून आले तरी तसंच.
मग लिहिलं: फिरलो.
खाली सहीसाठी जागा होती, शेठ करायचे.
रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

सकाळी गाडीखाली ऑइलचा डाग होता, ताटाएवढा.
देवचंद पायरी परत बसवायचं विचारत होता.